आमच्या होडी क्लबचं पहिलं वर्ष, त्यातलं बरंचसं चिखलात

क्लब म्हटलं की लोकांना व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, ट्रेमधून सरबत आणणारा माणूस असलं काहीतरी दिसतं. आमचा क्लब म्हणजे रेवसजवळच्या एका कोळीवाड्यात, एका काकांच्या घरामागे नारळाखाली पालथ्या घातलेल्या दोन जुन्या होड्या, एक निळी ताडपत्री आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाच जणांचा ग्रुप. ग्रुपचं नाव पण तीन वेळा बदललं. हे सगळं २०१५ च्या दिवाळीपासून २०१६ च्या कोजागिरीपर्यंतचं, जेमतेम वर्षभराचं, पण आता कोणी विचारलं की तुमचा क्लब सुरू कसा झाला तर पाच जण पाच गोष्टी सांगतात, म्हणून म्हटलं माझी लिहून ठेवावी, बाकीच्यांनी आपापली लिहावी.

आम्ही भेटलो ते मुंबईत एका वीकेंड सेलिंग कोर्सला. मी ठाण्याचा, दिवसभर एक्सेलमधे डोकं घालून बसणारा. एक दातांचे डॉक्टर. एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, रिटायरमेंटला आलेल्या, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. एक कॉलेजचा पोरगा. आणि एक जण आधीपासून रेसिंग करणारा, त्याचं नाव रेसवाला पडलं ते पडलंच. कोर्स संपला, मग आम्ही रेसमधे क्रू म्हणून बसायला लागलो आणि दोनेक महिन्यांत मला कंटाळा आला, खोटं कशाला सांगू. तेच तीन मार्क, म्हणजे वळायच्या खुणा म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेले फुगे, त्यांच्याभोवती गोल गोल, शेवटून दुसरा नंबर, आणि पाण्यापलीकडे घारापुरी, करंजा, रेवस, मांडवा सगळं समोर दिसतंय, दुपारचा वारा तिकडेच ढकलतोय आणि आपण मात्र मार्क आला की वळायचं. एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, आपण वळलोच नाही तर? ते म्हणाले, तर जेवायला रेवसला.

मग रेसवाल्याने फ्रँक डायची गोष्ट सांगितली. हा इंग्रज माणूस १९६३ साली सोळा फुटी उघड्या वेफेअरर होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला, पुढच्या वर्षी नॉर्वेला, आणि त्या दुसऱ्या फेरीत वादळात होडी चार वेळा उलटली, डोलकाठी मोडली, तरी पोचला. मी हे घरी मोठ्या उत्साहात सांगितलं. आई म्हणाली, त्याला घरचं कोणी नव्हतं का. बायको म्हणाली, ते दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले की, तुम्ही पाच जण मिळून रेवसला जाणार त्याचं एवढं काय कौतुक. दोंदे २००९-१० मधे ज्या म्हादेईतून गेले ती छप्पन्न फुटी होती आणि आम्ही बघत होतो ती होडी तेरा फूट तीन इंच, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

होड्या मिळाल्या त्या अशाच एका ठिकाणी अडगळीत पडलेल्या. एंटरप्राईझ. जॅक होल्टने १९५६ साली डिझाइन केलेली, निळ्या शिडांची, दोन माणसांची रेसिंगची होडी, आपल्याकडे खूप लोक हिच्यावरच शिकलेत. बाजू बुटक्या, उलटली की टबासारखी भरते. मुक्कामाच्या प्रवासाला ही घेणं म्हणजे शर्यतीचा बैल आणून नांगराला जुंपणं, पण दोन्ही मिळून पंचेचाळीस हजारात मिळत होत्या आणि आमच्याकडे पन्नास होते. उरलेले पाच हजार रेझिनमधे गेले.

रेझिनचं सांगायलाच पाहिजे. पनवेलला एकाच्या गाळ्यात आम्ही तळाच्या भेगा भरत होतो. फायबरच्या कामात रेझिनमधे आधी कोबाल्ट घालून नीट ढवळायचं आणि मग हार्डनर, आणि कोबाल्ट नि हार्डनर एकमेकांत थेट कधी म्हणजे कधी मिसळायचं नाही, स्फोट होतो. डॉक्टरांना हे सगळं जन्मजात येत असल्यासारखं, दाढ भरायचा माणूस तो, सिरिंजने थेंब मोजून छोट्या वाटीत तेवढ्यापुरतंच कालवायचे. मला वाटलं हे असं वाटी वाटी करत बसलो तर पुढची दिवाळी येईल. ते जेवायला गेले तेव्हा मी अर्धी बादली एकदम कालवली. भर दुपार, वर पत्रा. पाच मिनिटांत बादली हाताला गरम लागायला लागली, आठव्या मिनिटाला धूर, मी ती ओढत बाहेर नेली तोवर तिचा बूड वितळून वाकडा झाला होता आणि आत पिवळं ढेकूळ, त्यात ब्रश उभाच्या उभा गच्च. डॉक्टर परत आले, बघितलं, म्हणाले हा रूट कॅनॉलच्या पलीकडे गेलाय. ते ढेकूळ ब्रशसकट आम्ही अजून ठेवलंय, मीटिंगमधे जास्त बोलणाऱ्यासमोर ठेवतो.

फेब्रुवारीत टेम्पोवर होड्या घालून पेण, वडखळ करत रेवसकडे आणल्या. काका ओळखीतून मिळाले. जन्म मासेमारीत गेलेला, तांडेल म्हणून मोठ्या होड्या नेलेला माणूस. त्यांनी होडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, बाजूची उंची वितीने मोजली आणि विचारलं, "ही होरी हाय का खेलना?" भाडं घेणार नाही म्हणाले, फक्त नारळ पडून भोक पडलं तर माझ्याकडे यायचं नाही.

आता मार्च. होळी बुधवारी होती, त्याच्या आधीचा रविवार. प्लॅन एकदम सोपा. धरमतरच्या खाडीने, म्हणजे अंबा नदीच्या मुखातून वर वर जायचं, पुलाच्या जवळपास कुठेतरी डबे खायचे, चारपर्यंत परत. अंतर पंधरा-वीस किलोमीटर. सगळ्यांना रविवारच जमत होता, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचं म्हणजे दहा वाजणारच, म्हणून दहाला निघायचं ठरलं. दहा का, तर लाँच दहाला पोचते म्हणून, याच्यापलीकडे कोणी विचार केलेला नव्हता. काका जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आज तिथ कंची हाय?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले काल माझा एकादशीचा उपास होता, म्हणजे आज द्वादशी. काका म्हणाले, "मंग नवाला पानी भरला. आता सुकती लागली." सुकती म्हणजे ओहोटी. आणि परत जाळ्यात डोकं घातलं. आम्ही हसत हसत निघालो. भरती-ओहोटीचं टेबल माझ्या मोबाइलमधे होतं बरं का, पीडीएफ, व्यवस्थित डाउनलोड केलेलं, फक्त उघडलेलं नव्हतं. रेसिंगमधे तो विचार दुसरं कोणीतरी करतं ना, आपल्याला शिट्टी वाजली की निघायचं एवढंच माहीत.

खाडीत शिरलो तर पाणी समोरून येतंय. वारा नावाला. शिडं लोंबतायत, आपण वल्ही मारतोय आणि काठावरचं तेच एक झाड अर्धा तास बाजूला. मग रेसवाल्याला रेसमधली युक्ती आठवली की काठालगत प्रवाहाचा जोर कमी असतो, तेव्हा मधून न जाता काठ धरून जायचं. खरी आहे युक्ती, अगदी खरी, जोर कमीच होता, आणि कमी का होता तर तिथे पाणीच कमी होतं. सव्वाबाराच्या सुमारास सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या पोटातून खाली पाण्यात सोडलेला फळा, खर्र करून घासला. वर उचलला. मग सुकाणू घासलं. ते पण वर घेतलं. मग होडी थांबली. मागची होडी आमच्यामागून शिस्तीत येत होती ती येऊन आमच्या शेजारी थांबली. पोरगा म्हणाला मी उतरून ढकलतो, आणि उतरला तो मांडीपर्यंत आत गेला. त्याला बाहेर काढेपर्यंत एक सँडल खालीच राहिली आणि दुसऱ्या पायाला कालवांच्या शिंपल्याने चांगला दोन इंच चीर. अर्ध्या तासाने आमच्या चारी बाजूंना चकचकीत राखाडी चिखल, पाणी लांब कुठेतरी रेघेसारखं, आणि चिखलावर निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारतायत. पाच माणसं, दोन होड्या, दीड बाटली पाणी.

सहा तास. मार्चचं ऊन. शीड बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावर, टाकून त्याच्या सावलीत सगळे एका बाजूला. डबे एक वाजताच संपले होते, नंतर डॉक्टरांच्या आदल्या दिवशीच्या उपासाचे शेंगदाण्याचे लाडू निघाले, सात होते, त्यांची वाटणी बाईंनी केली आणि उरलेले दोन संध्याकाळसाठी म्हणून काढून ठेवले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या क्लबमधे कोणाचं चालणार. मग बाईंनी पेन्सिल काढून होडीच्या पांढऱ्या डेकवर आम्हाला समजावलं की झालं काय. ओहोटी सहा तासांची धरा. पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मुंबईच्या बाजूला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर उतरतं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात तासाला मीटरभर पाणी खालून निघून जातं. नऊला भरती, बारा-सव्वाबाराला आपण काठ धरून. म्हणजे बरोब्बर ज्या तासात पाणी सगळ्यात जोरात पळतं त्या तासात तुम्ही सगळ्यात उथळ जागी आलात, असं त्या म्हणाल्या, आणि "तुम्ही" असंच म्हणाल्या, "आपण" नाही.

सव्वासहाला होड्या हलल्या. बाहेर निघेपर्यंत अंधार, एक टॉर्च, तीही मोबाइलची. कोळीवाड्याच्या दिव्यांकडे बघत बघत आलो. आम्ही मनाची तयारी केली होती की काका आता काहीतरी बोलणार. ते काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले हातपाय धुवा, जेवण तयार आहे. मागाहून काकूंकडून कळलं की त्यांनी सकाळी साडेदहालाच घरात सांगून ठेवलं होतं, रात्री पाच माणसं जास्त आहेत.

त्या रात्री जेवताना काकांनी पाऊणपटीचा हिशेब शिकवला. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पाणी भरणार. द्वादशी, बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण डोक्यात राहतो आणि बॅटरी लागत नाही. बाईंनी लगेच ताडून बघितला आणि म्हणाल्या चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो ना, त्याचाच हा गुणाकार, चौथीच्या पोरांना शिकवता येईल.

आणि इथून क्लबमधे खरी भांडणं सुरू झाली. बाईंनी कालनिर्णय घेऊन लाल पेन्सिलने खुणा केल्या. खाडीत वर जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस, कारण तेव्हा सकाळी सहाला सुकती पूर्ण, म्हणजे पाणी सगळ्यात खाली, मग बारापर्यंत भरती तुम्हाला वर नेते, जेवून घ्या, दुपारनंतर ओहोटी खाली आणते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी, तेव्हा काठाजवळ प्रॅक्टिस. आता हे दिवस रविवारी येतीलच असं नाही. एप्रिलमधे मित्रांचे मित्र असे चार नवीन लोक आले होते, त्यांना मंगळवारची तारीख दिली तर दोघांना वाटलं चेष्टा आहे. एकाने लिहिलं की हे वर्किंग पीपलसाठी प्रॅक्टिकल नाही, आणि ग्रुप सोडला. रेसवाला पण आधी चिडला होता, म्हणाला रविवारी निघू की, थोडं पाणी उलटं असेल, वारा आहे ना. त्याला आम्ही सँडलची आठवण करून दिली. मी ऑफिसात तिथी बघून रजा टाकायला लागलो, माझ्या मॅनेजरला वाटायला लागलं की हा अचानक देवाधर्माला लागला, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे रजा पटापट सँक्शन व्हायच्या.

मे महिन्यात मुद्दाम होड्या उलट्या करायची प्रॅक्टिस केली, त्यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त एक की एंटरप्राईझ सरळ करणं सोपं आणि रिकामी करणं अवघड, एकाने बादलीने पाणी काढायचं आणि दुसऱ्याने तोवर तिला परत उलटू द्यायचं नाही, आणि बादली होडीला दोरीने बांधलेली पाहिजे. आमची पहिली बादली खाडीने नेली. मग शिडं लहान करता येईल अशी सोय पाहिजे होती, रेसच्या शिडांना ती नसते. मस्जिद बंदरला ताडपत्री शिवणारे एक चाचा आहेत, त्यांनी पट्ट्या लावून रिंगा ठोकून दिल्या, पण आधी दहा मिनिटं वाद घातला, अच्छा खासा कपडा है, छोटा क्यूं करना है.

एक जूनपासून मासेमारी बंद आणि आमचंही बंद. हा नियम काकांचा, आणि त्यावर चर्चा नाही. लाइफ जॅकेटशिवाय होडी पाण्यात घालायची नाही हाही त्यांचाच. कारण त्यांनी एकदाच सांगितलं. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि ही त्याच पाण्यातली गोष्ट आहे, आम्ही ज्या लाँचने येतो त्याच वाटेवरची. त्या घरात ती अजून परवाच झाल्यासारखी सांगतात. तेव्हा पावसात पाण्यात शिरायचा विषय कोणी काढला नाही.

पावसाळ्यात मग कागद. संस्था रजिस्टर करायची तर १८६० च्या कायद्याखाली कमीत कमी सात माणसं लागतात, आणि आपल्याकडे तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली पण नोंदवावी लागते. आम्ही पाच. सहावे काका, ते म्हणाले अंगठा नाही, सही करीन, आणि एकदम झोकदार सही केली. सातवी माझी बायको, अट अशी की तिला पाण्यात यायची सक्ती नाही. उद्देश लिहिताना मी मोठ्या हौसेने "जलक्रीडेस प्रोत्साहन देणे" असं लिहिलं होतं. समोरच्या क्लार्कने ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवलं, तिथे पण दोघं हसले. बाईंनी ते खोडून "नौकानयन" केलं. पुढचा प्रश्न, शर्यती भरवता का? नाही. शिकवता का? नाही. मग संस्था करते काय? मी म्हटलं होडीने जातो आणि परत येतो. ते म्हणाले हे लिहिता येणार नाही.

दुसऱ्या एका ऑफिसात, कुठलं ते जाऊ दे, होडीच्या फॉर्मवर इंजिनचा नंबर हा रकाना होता. इंजिनच नाही. रकाना रिकामा ठेवला, फॉर्म परत. "लागू नाही" लिहिलं, परत, म्हणे लागू नाही हे कोणी ठरवलं. तिसऱ्या खेपेला पोरगा गेला होता, त्याने त्या रकान्यात "वल्ही, नग २" असं लिहिलं आणि फॉर्म पास झाला. अजून तसाच आहे. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर चौकशी होणं बरोबरच आहे, माझी त्याला ना नाही, आम्ही आता प्रत्येक वेळी निघताना कुठे जातोय, किती जण, कधी परत ते पोलिसांना कळवतो, पण मासेमारी नाही, प्रवासी नाही, इंजिन नाही अशी होडी कुठल्या खणात टाकायची याचं उत्तर त्या पावसाळ्यात आम्हाला पाच ठिकाणी पाच वेगवेगळं मिळालं.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या होड्यांबरोबर आमच्या दोन खेळण्यांना पण हळदकुंकू लागलं. आणि तिथेच ठरलं, मुक्कामाची पहिली ट्रिप कोजागिरीला. २०१६ ला कोजागिरी शनिवारी आली होती, १५ ऑक्टोबर, म्हणजे रविवारवाले आणि तिथीवाले दोन्ही खूश.

पण ऐन वेळी रेसवाला ऑफिसच्या कामाने बंगलोरला, पोराची सबमिशन. राहिलो मी, डॉक्टर, बाई, आणि, माझा विश्वास बसेना, बायको. ती म्हणाली मसाला दूध मी करून आणणार असेन तर प्यायला पण मीच येणार. एका होडीत मी नि डॉक्टर, दुसरीत बाई नि ती. दोन मोठे थर्मास. डोलकाठीला स्टीलचं ताट बांधलं होतं, बार्जच्या रडारवर दिसावं म्हणून, दिसतं की नाही देव जाणे, पण धरमतरच्या जेट्टींकडे कोळसा-लोखंडाच्या बार्ज रात्री पण जातात, तेव्हा ताट तर ताट.

सकाळी आठला निघालो. पाण्याने स्वतःच उचलून नेलं. मार्चमधे जे झाड अर्धा तास हललं नव्हतं ते बघता बघता मागे गेलं, बाईंनी त्याला हात केला. दुपारी पिठलं-भात, संध्याकाळी ओहोटीबरोबर थोडं खाली सरकून बार्जच्या वाटेपासून लांब, काठाच्या बाजूला दीड मीटर पाण्यात नांगर टाकला, दुसरी होडी आमच्या मागे बांधली. बाईंनी विचारलं दोर किती आहे? मी म्हटलं दहा मीटर, पाण्याच्या सहापट, भरपूर आहे. त्या तेव्हा बूमवर ताडपत्री बांधत होत्या, नाहीतर पुढचा प्रश्न विचारला असता. साडेपाचची वेळ, सुकतीच्या तोंडावरची. मध्यरात्रीपर्यंत त्या दीड मीटरचे सहा होणार होते. दहा मीटर दोराचं गणित संध्याकाळचं होतं, रात्रीचं नव्हतं.

एंटरप्राईझमधे झोपणं म्हणजे सेंटरबोर्डच्या पेटीच्या एका बाजूला एक माणूस, पाय पुढच्या डेकखाली, कूस बदलायची तर दुसऱ्याला विचारून. चंद्र वर आला. खाडीत बोय मासे फट फट उड्या मारत होते. दूध बाराला प्यायचं, चंद्र डोक्यावर आला की, असं ठरलं, आणि दहा ते बारा पहारा माझा. कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते, को जागर्ति, कोण जागं आहे. तर कोणी नव्हतं.

मला जाग आली ती गालावर ओलं काहीतरी घासलं म्हणून. पान होतं. डोळे उघडले तर चंद्र फांद्यांतून दिसतोय. खाडीच्या मधे झोपलेला माणूस झाडाखाली कसा? उभं राहायला गेलो तर डोकं फांदीला. दोन्ही होड्या तिवरांच्या आत, चांगल्या दहा-बारा हात आत, डोलकाठीच्या तारा फांद्यांत अडकलेल्या आणि चारी बाजूंना पानांपर्यंत पाणी. घड्याळात बाराला दहा कमी. डॉक्टर म्हणाले छान जागा आहे, सावली आहे. बाईंचा मात्र आवाज आला, "भरती संपत आली. अर्ध्या तासात बाहेर नाही पडलो तर उद्या दुपारी बारापर्यंत झाडावर." झाडावर म्हणजे खरोखर झाडावर, पाणी उतरलं की होडी मुळांवर टांगलेली.

वल्ह्यांनी ढकललं तर वल्ही चिखलात रुतायला लागली. मग लक्षात आलं, नांगराचा दोर अजून पुढे बाहेर गेलेला आहे. मी नि डॉक्टरांनी तो ओढायला घेतला, आधी नुसताच आला, मग एकदम ताठ झाला, नांगर तळाशी कशात तरी अडकला होता, बहुतेक जुन्या डोलीच्या, म्हणजे खाडीत खुंटांना बांधून लावायच्या जाळ्याच्या, खुंटाला. मागच्या होडीत बायको ताडपत्रीवर उभी राहून आमच्या तारांतल्या फांद्या सोडवतेय, शिव्या घालतेय, आणि त्या मला की झाडाला ते मी विचारलं नाही. वीतभर वीतभर करत बाहेर आलो. दोर उभा झाला, खाली नांगर काही सुटेना. पाणी थांबलं होतं, आता उलटं वळणार. शेवटी सुरीने दोर कापला. त्या खाडीत आमचा एक नांगर आहे, कोणाला सापडला तर साडेसात किलोचा, लाल रंग दिलेला.

आता नांगर नाही म्हणजे थांबता येत नाही. थांबता येत नाही म्हणजे निघायचं. एक वाजता, रात्री, ओहोटीबरोबर. आधी नुसतंच वाहत होतो, वल्ह्याने होडी सरळ ठेवायची तेवढीच. कोणी बोलत नव्हतं. मग मागून धड धड धड ऐकू आलं, रिकामी बार्ज खाली चालली होती, उंच घरासारखी, आम्ही काठाकडे सरकून दोन्ही टॉर्च शिडांवर मारले, ती गेली, तिच्या लाटेने थर्मास गडगडत गेले. दोनच्या पुढे जमिनीकडून गार वारा सुटला, मतलई. शिडं भरली. चंद्र पश्चिमेला कलत चाललेला, शिडाची सावली पाण्यावर, होडीच्या पुढच्या टोकाखाली बारीक आवाज, आणि बायकोने बाईंकडून सुकाणू मागून घेतलं. मी मागे वळून बघितलं तर ती माझ्यापेक्षा सरळ नेत होती. हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं, आता लिहितोय.

चारच्या सुमाराला कोळीवाड्यासमोर आलो आणि तिथे अर्थातच पाणी नव्हतं. सुकतीला अजून दोन तास. किनाऱ्यापासून तीनेकशे मीटरवर होड्या हळूच चिखलात बसल्या, या वेळी कोणी उतरायचा प्रयत्न केला नाही. डॉक्टर घोरायला लागले. उजाडायला लागलं तसे काठावर काका दिसले, लुंगी वर खोचलेली, एक हात कपाळावर. होड्या मोजल्या असाव्यात, माणसं मोजली असावीत. मग चिखलावरून त्यांची हाक आली,

"दूध ऱ्हायलाय का?"

राहिलं होतं. बाराला प्यायचं ते प्यायलंच नव्हतं कोणी. एक थर्मास अख्खा भरलेला, दुसऱ्याचं झाकण बार्जच्या लाटेत ढिलं होऊन निम्मं होडीच्या तळात गेलं होतं, पुढे महिनाभर त्या होडीला वेलचीचा वास येत होता.